अठ्ठ्याण्णव टक्के चंदी

"माझ्या वर्गात नक्कल? जन्मात शक्य नाही!" इंगवले सर हे स्टाफरूममध्ये रोज एकदा तरी सांगायचे. त्यात यंदा शाळेनं नक्कल पकडणारं सॉफ्टवेअर घेतलं. मग काय, सरांनी निबंध वाचणंच सोडलं. निबंध संगणकात टाकायचा आणि टक्के बघायचे.

जिल्ह्याच्या स्पर्धेला शाळेतून एकच निबंध जाणार होता. नववीतल्या शिवानी कांबळेनं आपल्या म्हशीवर लिहिलेला 'आमची चंदी' दिला. आजी खोकल्याशिवाय धार न देणारी म्हैस ती! सरांनी निबंध टाकला आणि खुर्चीतून उडालेच. अठ्ठ्याण्णव टक्के नक्कल!

"माझाच हाय, सर. गेल्या वर्षी वहीत लिवलता की," शिवानी रडकुंडीला आली.

सरांनी ऐकलं नाही. तिचं नाव कापलं आणि तिच्यासकट तिच्या आजीला, बायडाबाईंना, थेट मुख्याध्यापिका रुचिता मॅडमसमोर उभं केलं.

"म्हस आमची, गोठा आमचा, खोकला माझा," बायडाबाई म्हणाल्या. "मग पोरीनं चोरलं कुणाचं?"

"कुणा बिचाऱ्यानं रक्त आटवून लिहिलंय, आजी. थांबा, त्याचं नावच दाखवतो."

सरांनी बटण दाबलं. पडद्यावर शिक्षकांच्या एका मासिकाचं पान उघडलं. 'आमची चंदी', प्रथम पारितोषिक. खाली फेटा बांधून हसणारे इंगवले सर!

गेल्या दिवाळीत घाईघाईनं पाठवलेला तो निबंध सर साफ विसरले होते. त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं. मॅडम एकदा पडद्याकडे बघायच्या, एकदा सरांकडे.

"सर, तुम्ही तिसऱ्या मजल्यावर राहता ना? म्हैस कुठं बांधता?"

बायडाबाईंनी पिशवीतून गेल्या वर्षीची वही काढून टेबलावर ठेवली. निबंधाखाली लाल शाईत शेरा होता, 'छान! स्वतःच्या शब्दांत लिहिले आहेस.' खाली सरांचीच सही, तारीख दिवाळीच्या आधीची.

मॅडमनी शेरा मोठ्यानं वाचला. मग म्हणाल्या, "स्पर्धेला शिवानीचाच निबंध जाईल. आणि तुम्ही आत्ता, इथं बसून मासिकाला माफीचं पत्र लिहा. स्वतःच्या शब्दांत."

सरांनी 'महोदय' लिहिलं आणि पेन थांबलं. पाच मिनिटं झाली, दहा झाली. पुढचं काही सुचेना.

शिवानीला त्यांची दया आली. "सर, मी सांगू का? तुम्ही लिवून घ्या."

बायडाबाईंनी तिला दंडाला धरून मागं ओढलं. "गप बस. त्ये बी छापून आणतील."