मास्तरांनी पास केलेला रंग

बाळ एकवीस दिवसांचं झालं तरी त्याची कावीळ उतरेना. शीचा रंग रोज नीट बघा, असं दवाखान्यातून सांगून पाठवलं, तेव्हा घरातल्या सगळ्यांनी आजोबांकडे पाहिलं.

आजोबा कापडगिरणीच्या रंगखात्यात छत्तीस वर्षं मास्तर होते. रंगवलेलं कापड खिडकीशी धरायचं, नमुन्याशी ताडायचं आणि मान हलवायची, हे त्यांचं काम. मान हलली की माल पास. निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती, तरी रंगाच्या बाबतीत त्यांच्यापुढे घरात कुणी तोंड उघडत नसे. बाळ यायच्या आधी त्याच्या खोलीला रंग दिला, तोही त्यांनीच निवडलेला. सौम्य, सायीसारखा, असं ते म्हणाले होते.

"पिवळी असली तर काळजी नाही," नर्सने बजावलं होतं. "पांढरट दिसली तर मात्र पित्ताची नळी बंद असू शकते. मग एक दिवससुद्धा थांबू नका. ऑपरेशन लागतं."

मास्तरांनी नवी वही काढली. तारीख, वेळ, रंग. पहिल्या दिवशी लिहिलं, 'फिकट'. दुसऱ्या दिवशी, 'फारच फिकट'. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी लंगोट खिडकीशी नेला, बराच वेळ धरला, चष्मा पुसून पुन्हा धरला आणि मग खुर्चीत बसले.

"काय झालं हो?" आजीने विचारलं.

"पांढरी आहे."

आजीने वाकून पाहिलं. "मला तर जरा..."

"जरा काय?"

"काही नाही," आजी म्हणाली आणि डोळ्याला पदर लावला.

मुलाने डॉक्टरांना फोन लावला. रंग कसा आहे, असं डॉक्टरांनी विचारताच त्याने फोन वडिलांकडे दिला.

"कोरं मांजरपाट एकदा धुतल्यावर दिसतं, तसा," मास्तर म्हणाले. वर्णनात कसूर नव्हती. "अगदी पांढराशुभ्र नाही. पण पिवळ्याचा अंशही नाही."

इतकं नेमकं वर्णन डॉक्टरांनी कधी ऐकलं नव्हतं. ते घाबरले. "तडक मोठ्या हॉस्पिटलात जा. सर्जनबाईंना सांगून ठेवतो. आणि बाळाला आता दूध पाजू नका."

मग काय विचारता. पिशव्या भरल्या गेल्या. लंगोट डब्यात घालून डबा मास्तरांच्या मांडीवर दिला. सून वाटभर रडत होती, बाळ भुकेने तिच्यावर ताण करत होतं, आणि मास्तर खिडकीबाहेर बघत बसले होते. एवढंसं पोट, त्यात सुरी कुठे घालणार, हा विचार त्यांच्या डोक्यातून जाईना.

सर्जनबाईंनी बाळाचं पोट चाचपलं, रक्त तपासायला पाठवलं आणि डबा उघडला. त्यांनी वाकून आत पाहिलं.

"पांढरी शी कुठे आहे?"

"हीच," मास्तर म्हणाले.

बाईंनी मुलाकडे पाहिलं. मुलगा फरशीकडे बघत होता. त्यांनी सुनेला विचारलं, "तुम्हाला कशी दिसते?"

"पिवळी," सून कशीबशी म्हणाली. "रोजच दिसायची. पण बाबा म्हणाले पांढरी, तेव्हा वाटलं, रडून रडून माझेच डोळे बिघडले असतील."

"आणि तुम्हाला, आजी?"

"लिंबासारखी," आजी म्हणाली. "पण यांचं उभं आयुष्य रंगात गेलंय. मी कोण सांगणार?"

बाईंनी टेबलावरची पिवळी फाइल उचलून मास्तरांपुढे धरली.

"पांढरी," मास्तर म्हणाले. खोलीत कुणी हललं नाही. तेव्हा त्यांना कळलं.

रक्ताचा रिपोर्ट चांगला आला. अंगावर पिणाऱ्या बाळांची कावीळ कधीकधी अशी रेंगाळते, उतरेल, आधी पाजा त्याला, असं बाई म्हणाल्या. मग मास्तरांना उजेडाकडे तोंड करायला लावून त्यांनी त्यांचे डोळे पाहिले. "ऑपरेशन लागणार आहे," त्या म्हणाल्या. "तुमच्या डोळ्यांचं. मोतीबिंदू चांगलाच पिकलाय, त्यातून पिवळं आणि पांढरं सारखंच दिसतं. मुरून बरीच वर्षं झालेली दिसतात."

परतताना मास्तर वर्षं मोजत होते. गिरणीतली शेवटची दोन-तीन तरी त्यात येत होती. तेवढ्या काळात आपण कशाकशाला मान हलवली असेल, याचा हिशेब त्यांना लागेना. आणि तिथेही कुणी बोललं नव्हतं.

महिन्याभराने मास्तरांचं ऑपरेशन झालं आणि दुसऱ्या दिवशी डोळ्यावरची पट्टी निघाली. घरी येताच ते बाळाला बघायला खोलीत गेले. बाळाचा रंग छान उजळला होता. मास्तर दारातच उभे राहिले. चारी भिंती झेंडूसारख्या पेटल्या होत्या.

"हा रंग पास कुणी केला?" त्यांनी हळूच विचारलं.

सून बाळाचं दुपटं सारखं करू लागली. मुलगा बाहेर गेला.

"असू दे हो," आजी म्हणाली. "सवय झालीये आता."