आयुधपूजेला बसलेला पासपोर्ट

हर्षिताच्या पर्सची आतली चेन उघडी होती.

आता चेन उघडी राहणं ही काही पोलिसांत जाण्यासारखी गोष्ट नव्हे. भल्याभल्यांच्या चेनी उघड्या राहतात. पण हर्षिता ही चेन लावून, ती लागली का हे बोटानं चाचपून, पर्स कपाटात ठेवून, मग ‘नक्की लावली ना?’ म्हणून पुन्हा कपाट उघडणारी मुलगी. (कुकरची शिट्टी झाली की अजूनही तिच्या हातातली वस्तू खाली पडते. इंजिनिअर झाली, व्हाइटफील्डला नोकरी लागली, पण शिट्टीशी काही ओळख झाली नाही.) तिनं पर्समध्ये हात घातला. विमानात मळमळलं तर म्हणून घेतलेल्या आलेपाकाच्या वड्या होत्या. तिकिटाची प्रिंट होती, प्रिंट हरवली तर म्हणून प्रिंटची झेरॉक्स होती. पासपोर्ट नव्हता.

आणि विमान त्याच संध्याकाळचं होतं. सिंगापूरचं.

कंपनीनं ट्रेनिंगसाठी तिला निवडलं तेव्हा गुरुराज सरांनी तिचा चेहरा पाहून ताबडतोब म्हटलं होतं, “टेन्शन येत असेल तर सांग हं, ऋचा जाईल.” ऋचा शेजारच्याच खुर्चीवर बसते, पुण्याची आहे, आणि तिला कशाचंच टेन्शन येत नाही. हर्षितानं मान हलवायला सुरुवातही केली होती. मग कुणास ठाऊक कसं, तिच्या तोंडून निघालं, “नाही सर, मीच जाणार.” जन्मात पहिल्यांदा तिनं स्वतःहून काहीतरी मागून घेतलं होतं. ते आता पर्समधून गायब होतं.

“आई! माझा पासपोर्ट!”

“ओरडू नको,” स्वयंपाकघरातून मथुराबाई म्हणाल्या. त्या चित्रान्नाला, म्हणजे लिंबाच्या भाताला, फोडणी देत होत्या. “हॉलमध्ये बघ. अण्णांनी बसवलाय.”

“बसवलाय म्हणजे?”

“पूजेला.”

हर्षिता हॉलकडे धावली.

त्या दिवशी आयुधपूजा होती. दसऱ्याच्या आदल्या दिवशी बेंगळुरात ज्याचं पोट ज्या वस्तूवर चालतं तिची पूजा होते. बसला केळीचे खांब लागतात, रिक्षांना झेंडूच्या माळा, कॉम्प्युटरला गंध. हर्षिताच्या वडिलांचं, येसाजीअण्णांचं, पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत लेथ मशीनचं छोटं वर्कशॉप होतं. तिथली पूजा सकाळीच उरकून ते घरच्या पूजेला लागले होते. पाटावर लाल कापड, कापडावर नटबोल्टचे पाने, पक्कड, आईची शिवणाची कात्री, मिक्सरचं भांडं आणि स्कूटरची किल्ली. टीव्हीचा रिमोटही होता. (त्याच्यावर कुणाचं पोट चालतं, हे विचारायचं धाडस त्या घरात कुणी केलं नव्हतं.) आणि मधोमध, समईला टेकून, उघडलेला, झेंडूत बुडालेला तिचा पासपोर्ट.

“अण्णा! हे काय?”

“तुझं आयुध,” अण्णा समाधानानं म्हणाले. “पाया पड.”

“अहो, पासपोर्ट कधी आयुध असतं का?”

“का नाही? आपलं घराणं चारशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रातून घोड्यावर बसून इकडं आलं. वाटेत चौक्या लागल्या, नद्या लागल्या. तेव्हा सरहद्दीवर काय दाखवत होते? तलवार. तलवार दाखवली की आत. आता तू काय दाखवणार? मग पूजा कशाची करायची, तूच सांग.”

हेच अण्णांचं दुखणं होतं. त्यांचं म्हणणं ऐकताना चुकीचं वाटायचं आणि खोडायला गेलं की खोडता यायचं नाही.

“सरी, ठीक आहे, पूजा झाली ना? मग मी उचलते.”

“हां!” अण्णांनी तिचा हात वरच्यावर धरला. “बसवलेलं आयुध दसऱ्याच्या सकाळी उत्तरपूजा झाल्याशिवाय हलवत नाहीत. लेथसुद्धा आज बंद आहे माझी.”

“लेथला संध्याकाळचं विमान नाहीये अण्णा!”

फोडणीचा झारा हातात घेऊनच मथुराबाई बाहेर आल्या. संसारात त्यांनी असे पुष्कळ पेच सोडवले होते. “तुम्ही बाजूला व्हा बघू,” त्या नवऱ्याला म्हणाल्या. त्यांनी चिमूटभर अक्षता घेतल्या, पासपोर्टवर टाकल्या, तो एका बोटानं किंचित हलवला आणि म्हणाल्या, “पुनरागमनाय च.”

“उत्तरपूजा त्याच्या एकट्याची?” अण्णा म्हणाले. “बाकीचे बसलेले असताना?”

“त्याला लांब जायचंय. बाकीच्यांना कुठं जायचंय? पक्कड चाललीये का सिंगापूरला?”

पासपोर्टला जाताना ‘परत येण्यासाठी’ म्हणून निरोप द्यावा, यापेक्षा योग्य मंत्र जगात नसेल. हर्षिताला क्षणभर बरंसुद्धा वाटलं. मग तिनं पासपोर्ट उचलला, झेंडूच्या पाकळ्या झटकल्या, आणि तिला आपला फोटो दिसला.

फोटोतल्या हर्षिताच्या कपाळावर कुंकू होतं. चांगलं ठसठशीत, तेलात कालवलेलं.

“अण्णा…”

“मोकळं कपाळ बरं दिसेना,” अण्णा म्हणाले. “चेहरा तरी कसा काढलाय! हसायचं नाही, मान हलवायची नाही, कान दिसले पाहिजेत. चोरासारखी दिसत होतीस. आता घरातली वाटतेस.”

इथं हर्षिता थांबली असती तर गोष्टही इथंच थांबली असती. पण घाबरलेलं माणूस काहीतरी करतंच. तिनं सॅनिटायझर आणला, कापसावर घेतला आणि पुसलं. कुंकू निघालं नाही, पसरून इकडंतिकडं गेलं. कपाळावरचं भुवईत उतरलं, भुवईतलं गालावर. फोटोतली मुलगी आता चोरी करताना सापडून मार खाल्ल्यासारखी दिसू लागली.

“आधी छान होतं,” अण्णा हळूच म्हणाले.

तिनं ऋचाला फोन लावला. (हा तिचा त्या दिवसातला सर्वांत वाईट निर्णय. पण वाईट निर्णयासाठी माणसाला आधी जवळचं माणूसच आठवतं.)

“ओ माय गॉड, हर्षू!” ऋचा म्हणाली. “फोटो पेजवर? अगं डॅमेज्ड पासपोर्ट धरतात तो. माझ्या मावसबहिणीच्या मैत्रिणीला काउंटरवरूनच परत पाठवलं होतं. म्हणजे तुला घाबरवत नाहीये हं मी.”

“नाही नाही.”

“एअरलाइनला विचारून घे ना तू. आणि ऐक, नाहीच जमलं तर सरांना लगेच कळव. माझी बॅग काय, अर्ध्या तासात होते.”

फोन ठेवल्यावर हर्षिताला जाणवलं, की ऋचा वाईट नाही. तिनं विचारलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर दिलं होतं. पण ती अर्ध्या तासात भरणारी बॅग हर्षिताच्या डोळ्यांसमोरून हलेना.

पासपोर्ट ऑफिसला सुट्टी. कंपनीचा ट्रॅव्हल डेस्क, त्यालाही सुट्टी. बहुधा तो स्वतःच कुठल्यातरी पाटावर बसलेला असावा. उरली एअरलाइनची हेल्पलाइन. तिथं एका गोड आवाजानं तिचा कॉल किती महत्त्वाचा आहे ते सांगितलं आणि सतार लावून दिली.

सतार वाजत राहिली. हर्षिता फोन कानाला धरून सोफ्यावर बसली. थोड्या वेळानं अण्णा येऊन शेजारी बसले. मग म्हणाले, “मी कधी कुणाला कार्ड दाखवलं नाही बघ. पीण्यात बसमधून उतरलं की चहावाला म्हणतो, ‘बन्नी येसाजण्णा, या.’ गेटवरचा वॉचमन उठून उभा राहतो. बँकेत गेलो तर सही बघायच्या आधी तब्येत विचारतात.”

“हं.”

“तिकडं तुला कोण ओळखणार?” ते पासपोर्टकडं बघत होते. “एक काच असणार, काचेमागं एक माणूस. तो ह्याच्याकडं बघणार, मग तुझ्याकडं बघणार, आणि ठरवणार, ही तीच का म्हणून. मला रात्रभर तेच दिसत होतं. म्हटलं, ह्या फोटोत आपल्या घरचं काहीतरी असू दे. स्वल्प का होईना.”

हर्षितानं त्यांच्याकडं पाहिलं. इतके दिवस तिला वाटत होतं, ह्या घरात घाबरणारी ती एकटीच. तिकिटाच्या झेरॉक्सवर आईनं केलेले विनोद, त्यावर अण्णांचं मोठ्यानं हसणं, सगळं तिला आठवलं. आणि हा माणूस पक्कड, पाने आणि रिमोट यांच्या मधोमध तिची काळजी बसवून मोकळा झाला होता.

“तो काचेमागचा आत सोडेल ना ग?” अण्णांनी विचारलं.

“सोडेल,” ती म्हणाली. आपला आवाज कापला नाही याचं तिलाच नवल वाटलं. “नाही सोडलं तर मी त्याला सगळं सांगेन. घोड्यापासून.”

“सरी,” अण्णा म्हणाले.

तिनं पाठ ताठ केली. जगात असला प्रसंग दुसऱ्या कुणावर आलेला नाही, तेव्हा तो नीट समजावून सांगावा लागणार हे उघड होतं. आयुधपूजा म्हणजे काय, तेलातलं कुंकू म्हणजे काय, वडिलांचा हेतू, सॅनिटायझरची चूक, सगळं तिनं मनात इंग्रजीत क्रमानं लावलं. मथुराबाईंनी चित्रान्नाची बशी आणून तिच्या मांडीवर ठेवली. तिनं हात लावला नाही. सतार वाजत होती.

आणि सतार थांबली.

“हॅलो?” एक बाई म्हणाली.

हर्षिता अशी दचकली की फोन चित्रान्नात पडला. तिनं तो उचलला, कानाला लावला, कानाला मोहरी लागली. क्रमानं लावलेलं इंग्रजी कुठल्या कुठं पळालं आणि कन्नडच बाहेर पडू लागलं. “मॅडम, माझ्या पासपोर्टवर, म्हणजे फोटोवर, माझ्या वडिलांनी, म्हणजे त्यांच्या मनात तसं काही नव्हतं, पण आज पूजा—”

पलीकडून एक दमलेला सुस्कारा आला.

“कुंकू की हळद?” बाईनं विचारलं.

“कुंकू,” हर्षिता कसंबसं म्हणाली.

“नुसतं कुंकू?” बाईचा तिच्यातला रस तिथंच संपला. “मग होल्डवर थांबा मॅडम. उदबत्तीनं भोक पडलेले आधी घेतोय.”

आणि सतार पुन्हा सुरू झाली.