आबांचं तूप

रंभाजीआबा चहात तूप घालून पीत. वर तवंग दिसला नाही तर तो चहा त्यांच्या लेखी आजाऱ्याचा काढा. नव्वदी कधीच उलटलेली, तरी पाण्याची घागर स्वतः वाहायचे आणि कुणाचा बांध कुठून जातो ते तोंडपाठ सांगायचे. मी त्यांची शेजारीण, शाळेतली बाई. मला म्हणायचे, "बाई, तुमी लई वाळल्या. तूप खात न्हाई, म्हून पोरांवर खेकसता." मी खेकसते हे खरं, पण त्यात तुपाचा काय संबंध?

दुष्काळाच्या साली आबांना चक्कर आली. मुलगा संपत त्यांना कर्जतहून नगरला घेऊन गेला. तिथल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. कोलेस्टेरॉल वाढलंय, तूप बंद. संपतचा धाकटा भाऊ हृदयविकारानं गेलेला. म्हणून संपतनं तुपाचं गाडगं थेट माझ्या घरी आणून ठेवलं.

"चरबी हाय म्हून मी हाय," आबा म्हणाले. "इतकी वर्सं डाक्तरला इचारून जगलो व्हय?"

कुणी ऐकलं नाही. बघता बघता माणूस खंगला. घागर सुटली, बांध विसरले. एकदा मलाच विचारलं, "तुमी कुन्या गावच्या?" हे तूप तुटल्यानं झालं की वयानं, देव जाणे. संपतवर रागवावं, तर तो बिचारा भीतीपोटी करत होता.

आबांना घोर होता तो बायकोचा. यशोदाआजी अंथरुणाला खिळलेली. रोज पहाटे, गाव उठायच्या आत, आबा तिला उचलून अंगणात कोवळं ऊन यायच्या जागी बसवत. चारचौघांत बायकोला हात लावायची त्या पिढीला लाज. सून खाकरली की लांब जाऊन विडी ओढत बसायचे. पण दुसऱ्या कुणाला तिला उचलू देत नसत.

एका पहाटे दोघंही उंबऱ्यात पडली. त्या दिवसापासून आजीनं भाकरी सोडली. मी पेज घेऊन गेले, तर तोंड फिरवलं.

"का हो आजी?"

"त्यांला जड जाती मी," ती म्हणाली. "जरा हलकी हुते."

आबा दाराशीच उभे होते. त्यांनी ऐकलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी चांगलं उजाडू दिलं आणि संपतला हाक मारली. "तुझ्या आईला भाईर घे."

आमच्या सगळ्यांदेखत संपतनं आईला उचललं. आबा भिंतीकडे तोंड करून बसले होते.

"तिला म्हनावं, आता पोटभर खा," ते म्हणाले. "मी न्हाई उचलनार."