डेलबर्टची मुकी काडतुसं

डेलबर्ट क्रेन्शॉ सकाळी भुईमुगाच्या शेतात गेला आणि तिथून घरापर्यंत ओरडतच आला. रानडुकरांच्या कळपाने शेताचा आणखी एक पट्टा उलथून ठेवला होता. नांगर निदान सरळ तरी जातो. ह्या हरामखोरांनी वाटेल तिथे थोबाड खुपसलं होतं, शेंगा खाल्ल्या होत्या आणि वेल मुळं वर करून टाकून दिले होते. काढणीला आठवडा होता. गव्हाला आधीच गारांनी झोडपलं होतं, म्हणजे हा भुईमूग गेला की वर्ष गेलं.

बंदूक होती, नेमही होता. पण एकदा बार काढला की एक डुक्कर पडायचं आणि बाकीची पसार व्हायची. ती अंधार पडल्यावर शेताच्या दुसऱ्या टोकाला पुन्हा जेवायला बसायची. ह्यावर उपाय एकच, मुकी काडतुसं. जड गोळी, बंदुकीची दारू चिमूटभर, म्हणजे गोळी आवाजापेक्षा हळू जाते आणि तिचा कडाका होत नाही. वर नळीला सायलेन्सर. शेजारचं आडवं झालं तरी कळप चरत राहतो. असली काडतुसं दुकानात मिळतात, पण दुकानवाल्यांनी डेलबर्टला एकदा उपदेश केला होता. तेव्हापासून तो स्वतःची स्वतः भरायचा.

त्याने शिसं ओतून गोळ्या पाडल्या, त्यांना लाल रंगाची पूड चढवली आणि ती पक्की व्हायला स्वयंपाकघरातल्या छोट्या ओव्हनमध्ये लावल्या. वासाने नडीन, म्हणजे त्याची बायको, धावत आली.

"ह्यात मी बिस्किटं भाजते, डेलबर्ट."

"पुसून देतो ना."

"शिसं पुसून देतोस. आता ह्यात माझं काही शिजणार नाही. उचल तो गॅरेजमध्ये, आणि त्याच्याबरोबर तूही जा."

डेलबर्ट दातओठ खात गॅरेजमध्ये गेला. तिथे त्याने रिकाम्या पितळी पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात ओळीने उभ्या केल्या आणि एकेकीत मोजून दारू घालायला लागला. ह्या कामाचा नियम साधा आहे: दारू घालताना कुणी कुणाशी बोलायचं नाही. दारू इतकी थोडी असते की पुंगळी भरलेली का रिकामी, हे वरून बघून कळत नाही.

आणि नेमका तेव्हाच वेंडेल आला. वेंडेल नडीनचा धाकटा भाऊ. त्याला गप्प बसायची सवय आयुष्यात कुणी लावलेली नव्हती.

"दाजी, मी म्हणतो पिंजरा लावा."

डेलबर्टने हात वर करून त्याला थांबवलं.

"पिंजऱ्यात मका टाकायचा. आंबवलेला. वास आला की ती आपल्या पायांनी आत."

"वेंडेल, मी दारू घालतोय."

"घाला की. मी कुठे आडवा आलोय? फक्त म्हणतो, पिंजऱ्याला बार काढावा लागत नाही, म्हणजे आवाजाचा प्रश्नच..."

डेलबर्टने सगळी दारू परत डब्यात ओतली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. वेंडेलनेही पहिल्यापासून सुरुवात केली. पुन्हा ओतली, पुन्हा भरली. मग वेंडेल म्हणाला, "आमच्या आईचं म्हणणं तुम्ही पहिल्यापासूनच हट्टी." इथे डेलबर्टच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कुठवर आलो होतो ते त्याला आठवेना, पण मेहुण्यासमोर तिसऱ्यांदा ओतायचं म्हणजे हार मानल्यासारखं होतं. अंदाजाने त्याने ओळ पुरी केली, वरून गोळ्या दाबल्या आणि पुंगळ्या बंद केल्या.

दिवस कलताना दोघं पिकअप शेताच्या कडेला लावून मागच्या फळीवर दबा धरून बसले. कळप आला. पुढे चांगली पोसलेली म्हातारी डुकरीण होती.

"फोन काढ," डेलबर्ट कुजबुजला. "रेकॉर्ड कर. आवाज येतो का, ते मग सगळ्यांना ऐकव. तुझ्या आईलाही."

वेंडेलने फोन धरला. डेलबर्टने नेम धरला आणि चाप ओढला. टुक्, एवढंच झालं.

"उडाली का, दाजी?"

"उडाली. आवाज आला तुला?"

"नाही आला."

"मग? दुकानवाल्यांच्या बापाला जमणार नाही असलं."

डुकरीण शेंगा खात होती.

"दाजी, ती खातेय."

"कळायला वेळ लागतो. डोकं कुठे आहे त्यांना."

डुकरीण पुढच्या ओळीला लागली. "तिला अजून कळलेलं दिसत नाही," वेंडेल म्हणाला. डेलबर्टने चिडून दुसरं काडतूस काढलं, तेव्हा वेंडेलने बंदुकीवर पंजा ठेवला. "आधी पहिली गोळी गेली कुठे ते बघू. माती उडाली नाही कुठेच."

डेलबर्टने बंदुकीचा बोल्ट, म्हणजे मागची खिट्टी, उपसून काढला आणि मागून नळीला डोळा लावला. नळीतून आभाळ दिसायला हवं होतं; दिसला काळोख. त्या एका पुंगळीत दारूच नव्हती. पुंगळीच्या बुडाशी ठिणगी पाडणारी टोपी असते, नुसत्या तिच्या धक्क्याने गोळी नळीत अर्ध्यावर जाऊन घट्ट बसली होती. वर दुसरी झाडली असती तर नळी फुटून डेलबर्टच राहिला नसता. म्हणजे जीव वाचवला होता तो वेंडेलने. हे मात्र डेलबर्टला अजिबात सहन झालं नाही.

तो फळीवर उभा राहिला आणि त्याने तोंडाचा पट्टा सोडला. सुरुवात वेंडेलपासून झाली, मग वेंडेलची आई, मग दारूचा कारखाना, मग ज्या कुणी पहिलं डुक्कर जहाजातून ह्या देशात उतरवलं त्याच्या सात पिढ्या. कळपाने एकदम माना वर केल्या. पुढच्या क्षणी सगळी डुकरं शेपट्या ताठ करून कुंपणाची तार तोडत पळत सुटली.

ती दोन दिवस फिरकली नाहीत. बंदूक दुरुस्तीला गेली आणि काढणी होईपर्यंत मिळायची नव्हती. तिसऱ्या संध्याकाळी कळप पुन्हा शेताच्या कडेला दिसला.

"जा, ओरड," नडीन म्हणाली.

डेलबर्ट व्हरांड्याच्या पायरीवर जाऊन उभा राहिला. तोंड उघडलं, मिटलं. "सांगून येतो का राग?" तो म्हणाला आणि परत येऊन बसला.

नडीनने वेंडेलला बोलावलं. त्याच्या फोनवरचं रेकॉर्डिंग त्या दिवशी शेवटपर्यंत चालूच राहिलं होतं. चर्चच्या सहलीचा लाऊडस्पीकर आणून कुंपणाला बांधला आणि वेंडेलने बटण दाबलं. डुकरं पहिल्याच शिवीला उलटी फिरली.

त्यानंतर रोज संध्याकाळी ते लागायचं. एकही डुक्कर आत आलं नाही आणि उरलेला भुईमूग जागच्या जागी राहिला. डेलबर्टला मात्र खुर्चीत बसून, इच्छा असो वा नसो, ते सगळं ऐकावं लागायचं. लग्न झाल्यापासून घरात तो जे बोलत आला होता, त्यातलं बरंचसं त्यात होतं.

एका संध्याकाळी त्याने थंड चहाचा ग्लास खाली ठेवला. "नडीन, मी असा बोलतो?"

"छे," मटार सोलता सोलता नडीन म्हणाली. "आवाज अर्धा ठेवलाय."

डेलबर्ट खाली मान घालून काहीतरी पुटपुटला. तिला सॉरी म्हणण्याची त्याची ही पहिलीच वेळ होती.

"काय म्हणालास?" नडीनने विचारलं. "ऐकूच आलं नाही."