तीन भोंगे आणि एक डबा

"रविवारी आठवडा सुरू होताना मी डेस्कवर नसलो ना, तर खलास! मला काढायला मोहिद्दीनसाहेब तेवढंच निमित्त बघतायत." बोटीची शिडी उतरता उतरता प्रल्हादने बायकोला परत एकदा बजावलं.

"पोचू हो, इन्शाल्ला," उर्मिला मफलर गुंडाळत म्हणाली.

प्रल्हादचंही चुकत नव्हतं. उत्तर ध्रुवाकडची ही सफर त्याने तेजीच्या दिवसांत ठरवली होती. मग मंदी आली आणि दुबईत देरा भागातल्या त्याच्या ऑफिसातली निम्मी माणसं घरी गेली. तिकिटं मात्र रद्द होत नव्हती.

बोट थोडा वेळ थांबली होती ते नॉर्वेच्या पार वरच्या टोकाचं गाव म्हणजे रंगीत लाकडी घरं, एक चर्च आणि एक बंद दुकान. वाऱ्याने लेक दिया कुडकुडायला लागली, तेव्हा एका खिडकीतून इंग्रिड नावाच्या आजीबाईंनी हात करून तिघांना आत बोलावलं. त्यांचे यजमान खुर्चीत बसले होते, आडदांड आणि अबोल. कॉफी आली.

कुणाच्या घरी रिकाम्या हाताने जाईल ती उर्मिला कसली! तिच्या पिशवीतून बेसनाच्या लाडवांचा स्टीलचा डबा निघाला. आजीबाईंनी लाडू ताटलीत काढले आणि डबा धुऊन, पुसून परत दिला.

इथे उर्मिलाची जीभ वळवळली. दुबईत अल कुसैसच्या त्यांच्या बिल्डिंगमध्ये तिचा डबा वरच्या मजल्यावर शहनाझकडे जातो, तो शीरखुर्मा घेऊनच खाली येतो.

"दिया, सांग ना त्यांना, आमच्यात डबा रिकामा परत देत नाहीत," ती हसत म्हणाली.

"आई, दॅट्स सो रूड!" असं म्हणत दियाने सांगूनही टाकलं.

आजीबाई ओशाळल्या. त्यांनी डबा काढून घेतला, पीठ भिजवलं आणि वॅफलचा साचा तापत ठेवला. तेवढ्यात बोटीचा भोंगा झाला.

"यल्ला, यल्ला! चला!" प्रल्हाद ताडकन उठला. "राहू दे तो डबा! दुबईत नवा घेऊ."

"आईने दिलाय तो. माझं नाव कोरलंय त्यावर."

समोर यजमानांनी शांतपणे आणखी एक लाडू उचलला.

डबा गरम वॅफलनी भरला. पण आजीबाईंनी वर ताटलीभर सुके मासेही दिले. उर्मिलाने ते पिशवीत टाकले आणि ती परत बसली. "आता ही ताटली रिकामी कशी देऊ?" ती चिवड्याची पुडी शोधू लागली. दुसरा भोंगा झाला, चांगला लांबलचक.

"पुढची बोट आठवड्याने आहे!" प्रल्हादचा आवाज चिरकला. "नोकरी गेली की व्हिसा गेला, दियाची शाळा गेली! आणि तू चिवडा वाढतेस?"

यजमानांनी ताटली पुढे ओढली आणि त्यातले दाणे वेचायला घेतले.

तिसऱ्या भोंग्याला प्रल्हादने दियाला धरलं, डबा काखेत मारला आणि धूम ठोकली. मागून उर्मिला धावली. धक्क्यावर पोचले तर शिडी अजून लावलेलीच होती. वर कप्तान कठड्यावरून हातवारे करत ओरडत होता.

"सॉरी सर, व्हेरी सॉरी!" प्रल्हादने खालूनच हात जोडले.

कप्तान त्याच्याकडे बघतच नव्हता. तो बघत होता मागे. मागून आजीबाईंचे यजमान रमतगमत येत होते, तोंडात चिवडा. त्यांनी विजारीला हात पुसले आणि बोट ज्यांनी बांधली होती त्या जाड दोरांपाशी जाऊन उभे राहिले. दियाने त्यांना काहीतरी विचारलं आणि ती खो खो हसायला लागली.

"बाबा, ही इज द ओन्ली वन हिअर हू कॅन अनटाय द शिप! दे वेअर कॉलिंग हिम, नॉट अस!"

प्रल्हाद बघतच राहिला. तीन भोंगे झाले तरी हा माणूस लाडू खात बसला होता, आणि त्याला काढून टाकायची कुणाची हिंमत नव्हती. मंदीत इतकी पक्की नोकरी त्याने पहिल्यांदाच पाहिली.

"दिया," तो हळूच म्हणाला, "इथे व्हेकन्सी आहे का, विचार गं जरा."