महिला स्वच्छतागृहाच्या कडीबाबत

यंदा होळीनंतर आमच्या कारखान्याच्या घडी विभागातील उत्पादनात चिंताजनक घट झाल्याचे व्यवस्थापनाच्या निदर्शनास आले. घडी विभागात साड्यांच्या घड्या घालून त्या खोक्यांत भरतात. हे काम सुरतेच्या लिंबायत वस्तीतून येणाऱ्या बायका करतात. मी रघुनाथ, या कारखान्याचा प्रशासन अधिकारी. सुरतेजवळच्या सचिन गावच्या औद्योगिक वसाहतीत या पदाचा अर्थ असा, की जे काम कुणाचंच नसतं ते माझ्याकडे येतं आणि मी ते सन्मानाने पुढे पाठवतो.

चौकशीत आढळलं, की बायका टेबल सोडून जातात तेव्हा जोडीने जातात. कारणही लगेच सापडलं. महिला स्वच्छतागृहाच्या दाराची आतली कडी तुटली होती. एक बाई आत गेली की दुसरीला बाहेरून दार ओढून धरावं लागे. विभागातल्या अनुसयाबाई आमच्याच खानदेशातल्या. त्यांनी मला जिन्यात गाठलं.

"भाऊ, एक कडी लाई द्या ना. दर खेपेले कोनले बोलावू? मी तं पानी पेवानंच बंद करी टाकं."

मी त्यांना धीर दिला. धीर देणं माझ्या अधिकारात येतं, कडी येत नाही. म्हणून मी धाकट्या शेठना, धर्मेंद्रभाईंना, जाऊन भेटलो आणि कडी बसवायला हवी असं सांगितलं. धर्मेंद्रभाई नुकतेच कुठल्याशा व्यवस्थापन शिबिरातून परतले होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर अजून त्याचं तेज होतं.

"रघुभाई, तमे तो सीधा जवाब पर कूदी पड्या," ते खेदाने म्हणाले. "पहेला मूळ शोधो, मूळ."

मूळ शोधण्यासाठी पुण्याहून शीतल मॅडम आल्या. मोठ्या माणसांना खेळायला लावून धंद्याचे प्रश्न सोडवणं हा त्यांचा व्यवसाय. उत्पादन घटलं होतं, म्हणून ते दिवसभर पूर्ण बंद ठेवण्यात आलं. टेबलांवरच्या साड्या उचलून लहान मुलांचे रंगीत प्लास्टिकचे ठोकळे ओतले गेले. समोर फोरमन, हिशेबनीस, मी, धर्मेंद्रभाई आणि घडी विभागातल्या सगळ्या बायका.

"आपण फार बोलतो," मॅडम म्हणाल्या आणि त्यावर बराच वेळ बोलल्या. "आज हातांना विचार करू द्या. तुमची समस्या बोलायची नाही, बांधायची."

आम्ही बांधायला बसलो. खोटं कशाला सांगू, मला मजा आली. मी एक हत्ती केला. मॅडमनी हा काय सांगतो विचारलं, तेव्हा मी "प्रशासन" म्हणालो, कारण दुसरं काही सुचलं नाही. हिशेबनिसाने भिंत केली. फोरमनने काय केलं ते त्यालाही सांगता आलं नाही, पण ते त्याच्या अंतर्मनाचं असल्याचं मॅडमनी मान्य केलं.

अनुसयाबाईंनी दार केलं होतं, आणि दाराला कडी. ती सरकत होती. लावली की दार पक्कं बसायचं. आम्ही सगळ्यांनी ती आळीपाळीने लावून पाहिली. धर्मेंद्रभाईंनी तर पुन्हा मागून घेतली.

"सुंदर," मॅडम म्हणाल्या. "ही कडी म्हणजे तुमच्यासाठी काय आहे?"

"कडीच शे, मॅडम. दारले लावाले."

"छान. आता आपण अजून खोल जाऊ."

अनुसयाबाई खोल जायला तयार नव्हत्या, त्यामुळे बाकीचे गेले. फोरमन म्हणाला, कडी म्हणजे भीती. हिशेबनीस म्हणाला, नियंत्रण. मग मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. कडी म्हणजे काय हे त्या खोलीत सर्वांइतकंच मलाही माहीत होतं. पण सगळे इतकं खोल बोलत असताना मीच उथळ कसा ठरू? माझ्या तोंडून निघून गेलं, "कडी म्हणजे अविश्वास."

टाळ्यांचा कडकडाट झाला. नोकरीत मला बढती मिळाली आहे, मेमो मिळाले आहेत, पण टाळ्या कधीच मिळाल्या नव्हत्या. मी उभा राहून नमस्कार केला.

अविश्वास हेच मूळ असल्याचं निश्चित झाल्यावर पुढचं तर्कशुद्ध होतं. मूळ उपटायला हवं. दुसऱ्या दिवशी सुताराला बोलावून कारखान्यातल्या उरलेल्या सगळ्या कड्या काढण्यात आल्या. धर्मेंद्रभाईंनी स्वतःच्या खासगी बाथरूमपासून सुरुवात केली, याचं सर्वांना कौतुक वाटलं. मला विश्वास-समन्वयक नेमण्यात आलं. अनुसयाबाईंचं दार स्वागतकक्षात काचेच्या पेटीत ठेवलं गेलं, त्यावर दिव्याचा झोत सोडला.

आता पुरुषही जोडीने जाऊ लागले. हिशेबनीस फोरमनला नेई. धर्मेंद्रभाई हिशेबनिसाला बोलावत, तेव्हा फोरमन एकटाच आतून दार ओढून धरत "कोई है क्या" म्हणून हाका मारी. मी फाटकावरच्या रखवालदाराला न्यायचो, त्यामुळे फाटक उघडं राही. उत्पादन साफ बसलं. मी घाबरत शीतल मॅडमना फोन केला.

"पण हे फार मोठं यश आहे," त्या म्हणाल्या. "आधी ही समस्या फक्त बायकांची होती. आता ती सगळ्यांनी आपली मानली आहे." धर्मेंद्रभाईंनी त्याच आनंदात दुसरी कार्यशाळा ठरवली. जवळच्या पलसाण्याच्या, कापड रंगवणाऱ्या दोन डाइंग मिलवाल्यांनी निरीक्षक म्हणून येण्याची परवानगी मागितली.

त्याच आठवड्यात अनुसयाबाई घड्या घालता घालता टेबलाशी कोसळल्या. लघवीच्या जागेचा संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढलेला, अंगात ताप. काही दिवसांनी त्या परत कामावर आल्या, गाल बसलेले. सरळ माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"डॉक्टर म्हनस, पानी भरपूर पे. आते तरी कडी लाई द्या, भाऊ."

मी त्यांना सांगितलं, की विषय ऐरणीवर आहे, पुढच्या कार्यशाळेत त्यांना पहिली संधी मिळेल.

त्यांनी काचेच्या पेटीकडे बोट दाखवलं. "तीच लाई द्या मंग. मी करेल शे ना ती."

ती फक्त नमुना आहे आणि प्रेक्षणीय आहे, असं मी त्यांना समजावलं. त्या घड्या घालायला परत गेल्या. मला फार लाज वाटली. ती लाज मी पुढच्या कार्यशाळेत हिरव्या ठोकळ्यांनी बांधून दाखवली आणि मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं.

आता तुम्ही म्हणाल, कोपऱ्यावर हार्डवेअरचं दुकान आहे, एक कडी आणून ठोकायची होती. अगदी बरोबर. आम्हा सर्वांनाही तसंच वाटतं, आणि तसं वाटत असल्याबद्दल आम्ही गेल्या सत्रात एकमेकांचं अभिनंदनही केलं. तुम्हीही वाचता वाचता हसलात, आमच्यावर थोडे चिडलात, अनुसयाबाईंसाठी जीव तुटला, आणि आता जरा बरं वाटतंय. हो ना? आम्हालाही प्रत्येक कार्यशाळेनंतर असंच बरं वाटतं. अनुसयाबाई अजून पाणी पीत नाहीत.