चौघींची दुपार

आखाती देशातल्या रिग्गई भागातल्या त्या फ्लॅटमध्ये आठ दिवस एकच वाद चालू होता. सुमनताईंसाठी बाई ठेवायची, ती कुठली? प्रताप म्हणे, घरातच राहणारी हवी. शलाका म्हणे, दिवसा मी घरून काम करीन, फक्त रात्रीपुरती पुरे. दिवसा सोबतीला बसणारी खालची अर्चना शुक्रवारी सुट्टीवर पुण्याला चालली होती. तिचं मत तिसरंच. "चोवीस तासवाल्या घ्या. दोघी येतात, बारा-बारा तास, डोळ्याला डोळा लागू देत नाहीत."

सुमनताई पलंगावरून ऐकत. लेकाकडे आल्या आणि बाथरूममध्ये पडून मांडीचं हाड मोडून बसल्या. हाड जुळलं, डॉक्टर म्हणाले चाला. पण पाय टेकवायचा म्हटलं की त्यांना घाम फुटे. आता आपण कायमच्या पलंगावरच, ही भीती त्यांनी कुणाला सांगितली नव्हती.

नवव्या दिवशी नवराबायको दोघंही भांडून दमली. बायकोचं मन राखावं म्हणून प्रतापने ऑफिसातून गुपचूप रात्रीची बाई ठरवली. नवऱ्याचं मन राखावं म्हणून शलाकाने बँकेतून गुपचूप राहणारी ठरवली. आणि ही दोघं जन्मात काही ठरवणार नाहीत, अशी खात्री पटल्यामुळे सुमनताईंनी अर्चनाला सांगून चोवीस तासवाल्या मागवल्या.

दुपारी बाराला, पहिलाच दिवस म्हणून, त्या दोघी एकदमच आल्या आणि अर्चना निर्धास्त मनाने बॅगा भरायला खाली गेली. एकला राहणारी खतिजा बॅग, उशी आणि कुकर घेऊन आली. दोनला रात्रीची बाई हजर.

"तुम तो रातवाली ना?" सुमनताईंनी विचारलं.

"धूल आनेवाली है माँजी. शाम को बस मिलेगी नहीं, इसलिए जल्दी आयी."

पेशंट एक आणि वाली चार. बीपी चौघींनी चार वेळा घेतलं, ते दर वेळी थोडं वाढलेलं निघालं. उशी एकीने उंच केली, दुसरीने सपाट. शेवटी सुमनताईच म्हणाल्या, "पहले सब लोग खाना खाओ. वरण-भात है."

तेवढ्यात धूळ आली. समोरच्या इमारती, रस्ता, आभाळ, सगळं सावकाश पिवळ्या उजेडात विरून गेलं. एसीची घरघर तेवढी उरली. पोटात गरम भात, बाहेर जायला वाट नाही. चौघी हॉलमधल्या गालिच्यावर टेकल्या. चोवीस तास जागणाऱ्या सगळ्यांत आधी झोपल्या.

सुमनताई उघड्या दारातून बघत राहिल्या. सुट्टीत माहेरी जमलेल्या बहिणी दुपारी अशाच पसरायच्या. त्यांना फार बरं वाटलं. खतिजा गारठून पोटाशी पाय घेऊन झोपली होती. त्यांनी हळूच हाक मारली. कुणी हललं नाही. कोवळी पोर आहे, सर्दी होईल, असं पुटपुटत त्यांनी कपाटातून चादर काढली, आणि ती हातात आल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण उभ्या आहोत.

साडेपाचला प्रताप आणि शलाका धुळीने माखून, एकदमच दाराशी पोचले. आत चौघी अनोळखी बायका चादरी पांघरून गाढ झोपलेल्या. ओट्याला धरून सुमनताई चहा टाकत होत्या.

"आई, तुम्ही चालताय?" शलाका दारातूनच ओरडली.

"हळू बोल गं. आत्ताशी डोळा लागलाय त्यांचा."

प्रतापने डोळे पुसले, मग गालिच्याकडे पाहिलं. "आई, यांतली ठेवायची कुठली?"

सुमनताईंनी साखर घालता घालता विचार केला.

"एखादीच ठेव बाबा. चौघींचं माझ्याच्यानं नाही व्हायचं."